पडणे आणि पाडणे
(माहितीपर पाठ)

प्रस्तावना

घर बांधणे हा आपल्याकडे आनंदाचा प्रसंग मानला जातो. पाया खणण्यापूर्वी भूमिपूजन होते, घर पूर्ण झाल्यावर वास्तुशांतीला आप्तेष्ट जमतात. राहत्या घरातील एखादी भिंत पाडायची असली, की मात्र एवढा विचार क्वचितच होतो. "त्यात काय, दोन दिवसांचे काम!" असे म्हणून हातोडा उचलला जातो. वास्तविक बांधताना झालेली चूक पुष्कळदा दुरुस्त करता येते. पाडताना झालेली चूक तेवढी दयाळू नसते. प्रस्तुत पाठात घराच्या अंतर्भागातील पाडकामाचे नियोजन कसे करावे आणि त्यातून निघणाऱ्या मलब्याची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• भारवाही भिंत आणि आडभिंत यांतील फरक सांगता येईल;
• पाडकामाचा योग्य क्रम कारणांसह स्पष्ट करता येईल;
• निघणाऱ्या मलब्याचा ढोबळ अंदाज काढता येईल;
• मलब्याच्या विल्हेवाटीबाबत नागरिकाची जबाबदारी विशद करता येईल;
• अकर्मक व सकर्मक क्रियापदांच्या जोड्या ओळखता येतील.

मूळ पाठ

१. एका जुन्या घराचे उदाहरण

रायपूर शहराचा मराठी भाषकांशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि त्यानंतर अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा ही जुन्या शहरातील वस्त्यांची नावे आहेत. 'पारा' म्हणजे मोहल्ला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानीचे शहर झाले. शहर वाढले, जागेचे मोल वाढले आणि जुन्या घरांत नव्या सोयी करून घेण्याची गरजही वाढली.

अशाच एका घराचे उदाहरण घेऊ. तळमजल्याच्या भिंती विटा आणि चुन्याच्या, जाडजूड आहेत. पूर्वी वर कवेलूंचे छप्पर होते. पुढे ते काढून स्लॅब घातला गेला आणि त्यावर एक मजला चढला. मागील बाजूस काँक्रीटचे छत असलेले स्वयंपाकघर व कोठीची खोली नंतर जोडली गेली. घरातील आजींना आता अंगणातील न्हाणीघरापर्यंत चालवत नाही. त्यामुळे न्हाणीघर आत हवे आहे. सुनेला अंधारे स्वयंपाकघर मोकळे करायचे आहे. मुलाच्या मनात एक सोपी योजना आहे : माजघर व स्वयंपाकघर यांमधील भिंत आणि कोठीची भिंत, अशा दोन्ही भिंती पाडून टाकायच्या.

मिस्त्री येतो, भिंतीवर थापटून पाहतो आणि उद्यापासून काम सुरू करण्याची तयारी दाखवतो. तेवढ्यात आजी म्हणतात, "अरे, माजघराच्या भिंतीला हात लावण्याआधी वर काय आहे ते बघ. स्लॅब घातला तेव्हा तो याच भिंतीवर टेकवला होता. मी इथेच उभी होते."

आजींच्या या एका वाक्यात पाडकामाचा पहिला नियम आला आहे. भिंत पाडण्यापूर्वी ती कोणाचे ओझे वाहते, हे विचारले पाहिजे.

२. काय पाडावे, काय पाडू नये?

भिंती दोन प्रकारच्या असतात. जी भिंत छत, तुळई किंवा वरचा मजला यांचे वजन पेलून ते पायापर्यंत पोहोचवते, ती भारवाही भिंत होय. जी केवळ दोन खोल्यांमध्ये आडोसा करते, ती आडभिंत होय. आडभिंत काढल्यास खोली मोठी होते. भारवाही भिंत काढल्यास घराचा आधार जातो.

ही ओळख पटवण्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच जागी भिंत असेल, तुळईचे टोक तिच्यावर टेकले असेल किंवा तिची जाडी ९ इंच अथवा त्याहून अधिक असेल, तर ती भारवाही असण्याची शक्यता मोठी असते. साडेचार इंचांची भिंत बहुधा आडभिंत असते. तथापि या केवळ खुणा आहेत, पुरावे नव्हेत. काँक्रीटचे खांब आणि तुळया असलेल्या घरात जाड भिंतही निव्वळ आडोसा असू शकते. उलट, वेळोवेळी वाढवलेल्या जुन्या घरात पातळ भिंतीवरही छताचा भार आलेला असू शकतो. थापटल्यावर येणाऱ्या आवाजावरून तर काहीच निश्चित सांगता येत नाही. म्हणून अंतिम निर्णय संरचना अभियंत्याने घराची पाहणी करूनच द्यावा. खांब, तुळई आणि स्लॅब यांना त्याच्या लेखी सल्ल्याशिवाय धक्का लावू नये. घराच्या रचनेत बदल होणार असेल, तर महानगरपालिकेच्या परवानगीची चौकशीही आधीच करावी.

हा सल्ला अतिरेकी सावधगिरीचा वाटेल. परंतु मुंबईतील दोन घटना त्याचे महत्त्व पटवून देतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळील, महानगरपालिकेच्या मालकीची एक निवासी इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील चार मजली 'सिद्धी साई' इमारत कोसळली आणि १७ जण प्राणांस मुकले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या अंतर्गत फेरफारांमुळे इमारतीच्या आधाराला धक्का पोहोचल्याचे आरोप झाले. तळमजल्यावरचा आधार साऱ्या मजल्यांचा असतो. तेथे घातलेल्या घावाचा परिणाम वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, मग त्या कामाशी त्याचा काही संबंध असो वा नसो.

आपल्या उदाहरणातील घरात अभियंत्याने पाहणी केली. माजघराची भिंत भारवाही निघाली. ती पाडता येणार नव्हती. मात्र छताला टेकू देऊन, वर काँक्रीटची तुळई बसवून, तिच्यात एक रुंद दार काढणे शक्य होते. कोठीची भिंत साडेचार इंचांची होती आणि तिच्यावर कशाचाही भार नव्हता. ती पाडण्यास हरकत नव्हती. योजना थोडी बदलली; पण आजींचे न्हाणीघर आत आले, स्वयंपाकघरात उजेड आला आणि वरचा मजला जागच्या जागी राहिला.

३. पाडकामाचा क्रम

पाडकामात वेळेला महत्त्व आहे. रायपुरात जूनच्या मध्यापासून पावसाळा सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. उघड्या भिंती व भिजलेला मलबा यांमुळे काम अवघड होते. मे महिन्यातील उन्हात दुपारी घण चालवणे मजुरांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सोयीचे. काम रात्री करू नये. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यास मनाई आहे. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगितले, तर धूळ आणि आवाज यांचा त्रास त्यांना सुसह्य होतो. सामाईक भिंत असेल, तर हे सांगणे केवळ सौजन्य नसून सुरक्षिततेचा भाग ठरतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

(१) ज्या भागात काम आहे, तेथील वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करावा. पाण्याची तोटी बंद करावी. गॅसचे सिलिंडर बाहेर न्यावे. भिंतीतून जाणाऱ्या तारा व नळ कोठे आहेत, याची खडूने खूण करावी.

(२) वापरता येण्याजोग्या वस्तू प्रथम काढाव्यात. दारे, चौकटी, खिडक्यांचे गज, नळ, दिवे, पंखे या वस्तू घणाच्या पहिल्या घावापूर्वी सुखरूप बाहेर यायला हव्यात.

(३) त्यानंतर छताखालील आच्छादन, मग भिंतीवरील फरश्या व गिलावा आणि शेवटी भिंत, असा क्रम ठेवावा. भिंत नेहमी वरून खाली, थर थर करून उतरवावी. खालून पोखरून ती एकदम लोटून देणे हा सर्वांत धोकादायक मार्ग होय. तो झटपट वाटतो. परंतु कोसळणारी भिंत कोणत्या बाजूस जाईल, हे कोणाच्याही हातात राहत नाही.

(४) जमिनीची फरशी सर्वांत शेवटी उखडावी, म्हणजे तोवर चालण्यास सपाट जागा मिळते.

धुळीचा प्रश्न येथे आवर्जून लक्षात घेतला पाहिजे. विटा, काँक्रीट आणि फरश्या फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. वर्षानुवर्षे ते श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. तोंडाला बांधलेला गमछा हे कण अडवू शकत नाही. म्हणून फोडण्यापूर्वी पाणी शिंपडावे आणि काम करणाऱ्यांना योग्य मुखपट्टी, चश्मा, शिरस्त्राण व जाड तळव्यांचे बूट द्यावेत. छत्तीसगडमध्ये बांधकामावरील स्त्री-मजुरांना 'रेजा' म्हणतात. मलब्याचे घमेले डोक्यावर घेऊन दिवसभर धुळीत ये-जा करतात त्या बहुधा रेजाच. मुखपट्ट्यांची यादी करताना मिस्त्रीबरोबर त्यांचीही गणना झाली पाहिजे. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत आणि वेगळे ठेवावेत.

४. मलब्याचा हिशेब

महाराष्ट्रात ज्याला राडारोडा म्हणतात, त्याला रायपूरकडे 'मलबा' म्हणतात. तो किती निघेल, हे आधी काढता येते. त्यासाठी शाळेतील गुणाकार पुरेसा आहे.

कोठीची भिंत ३ मीटर लांब व ३ मीटर उंच आहे. गिलाव्यासह तिची जाडी १४ सेंटीमीटर, म्हणजे ०.१४ मीटर. ३ × ३ × ०.१४ = १.२६ घनमीटर. वीटकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो धरल्यास भिंतीचे वजन सुमारे २.४ टन होते. स्वयंपाकघराची जमीन ४ मीटर × ३ मीटर आहे. फरशी व तिच्याखालचा थर मिळून ६ सेंटीमीटर. ४ × ३ × ०.०६ = ०.७२ घनमीटर, घनमीटरला २,००० किलो धरल्यास सुमारे १.४ टन. एकूण मलबा ३.८ टन. एका घमेल्यात २० किलो भरले, तर १९० घमेली वाहावी लागतील. एका ट्रॉलीत ३ टन भरतात असे धरल्यास ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा होतील. शिवाय मोडलेला माल मोकळा होऊन फुगतो. त्याला मूळ आकारमानाच्या सुमारे दीडपट जागा लागते.

वरच्या मजल्यावर काम असेल, तर हा हिशेब अधिक गंभीर होतो. राहत्या घरातील खोल्यांची जमीन साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरवर २०० किलो भार पेलेल, अशा हिशेबाने बांधतात. मलब्याचा अर्धा फूट उंचीचा ढीग प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २०० किलो भार टाकतो. एक फूट उंचीचा ढीग सुमारे ३९० किलो. म्हणजे गुडघ्यापर्यंतही न पोहोचणारा ढीग स्लॅबच्या क्षमतेबाहेर जातो. म्हणून मलबा साठू न देता रोजच्या रोज खाली उतरवावा.

५. मलबा कोठे जातो?

घराबाहेर गेलेला मलबा नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. रायपूर हे तलावांचे शहर आहे. बुढा तलाव, तेलीबांधा, महाराजबंध अशा तलावांनी शहराचे पाणी सांभाळले. रात्रीच्या अंधारात तलावाच्या काठी किंवा नाल्यात ओतलेली एक ट्रॉली क्षुल्लक वाटते. पण अशा ट्रॉल्या साचल्या की पाण्याची जागा भरून जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात तेच पाणी सखल वस्तीतील घरांत शिरते.

यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले. मलबा निर्माण करणाऱ्याने तो आपल्या आवारात ठेवावा किंवा नेमलेल्या केंद्रावर पोहोचवावा. रस्ता, रहदारी किंवा गटार यांना अडथळा होईल असा तो टाकू नये, हे त्यांतील मुख्य तत्त्व होते. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग वेगळे करणे बंधनकारक करण्यात आले. २०२५ मध्ये या विषयावरील नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरवण्यात आला. त्यांत २०,००० चौरस मीटर व त्यापुढील बांधकामांवर अधिक जबाबदारी टाकली आहे. घरगुती दुरुस्तीचा मलबा थोडा असतो. म्हणून तो रस्त्यावर टाकण्याची मुभा मात्र कोणालाही नाही. रायपूर महानगरपालिकेच्या संबंधित झोन कार्यालयात चौकशी करून मलबा कोठे न्यायचा, शुल्क किती, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

वेगळा केलेला मलबा हा कच्चा माल ठरतो. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये अशा मलब्यावर प्रक्रिया करणारा देशातील पहिला प्रकल्प उभा राहिला. दळलेल्या मलब्यापासून खडी, वाळू व फरसबंदीचे ठोकळे तयार होऊ शकतात. घरगुती पातळीवरही पुष्कळ करता येते. चुन्यात बांधलेल्या जुन्या विटा सहज सुट्या होतात. त्या पुन्हा वापरता येतात. विटांचे तुकडे जोत्यात भर घालण्यास चालतात. सागवानी चौकट नव्या दाराला शोभते. लोखंड भंगारात जाते आणि रायपूरजवळच्या उरला, सिलतरा येथील कारखान्यांसारख्या पोलाद उद्योगाला भंगार लागतेच. अट एकच : हे सारे एकत्र कालवलेले नसावे. त्यात ओला कचरा मिसळला, तर कोणीही त्याला हात लावणार नाही.

६. करार कागदावर असावा

पाडकामातील बहुतेक भांडणे घणामुळे होत नाहीत. ती न बोललेल्या गोष्टींमुळे होतात. म्हणून ठेकेदाराशी साधा लेखी करार करावा. कोणती भिंत पाडायची, हे नकाशावर आणि प्रत्यक्ष भिंतीवर खूण करून दाखवावे. मलबा कोण नेणार, कोठे नेणार आणि त्याचे पैसे ठरलेल्या मजुरीत आहेत की वेगळे, हे लिहावे. निघालेले लोखंड व लाकूड कोणाचे, हेही नमूद करावे. नेमलेल्या ठिकाणी मलबा पोहोचल्याची पावती पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. एवढे केले, की घरमालकाचे काम सोपे होते आणि ट्रॉली अंधारात तलावाकडे वळत नाही.

मराठीत 'पडणे' आणि 'पाडणे' ही दोन क्रियापदे आहेत. भिंत पडते, तेव्हा माणसाचे काही चालत नाही. भिंत पाडली जाते, तेव्हा त्यामागे माणसाचा विचार असतो. नियोजनाचा सारा उद्देश एवढाच, की जे पाडायचे तेवढेच पाडले जावे आणि जे उभे राहायला हवे, ते उभे राहावे.

पाठगत प्रश्न

अ) योग्य पर्याय निवडा.
१. छताचे वजन पायापर्यंत पोहोचवणारी भिंत : (क) आडभिंत (ख) भारवाही भिंत (ग) कुंपणभिंत
२. भिंत पाडण्याची सुरक्षित दिशा : (क) खालून वर (ख) मधून दोन्हीकडे (ग) वरून खाली

आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. गमछा बांधून काम करणे पुरेसे का नाही?
२. वरच्या मजल्यावर मलबा साठू का देऊ नये?

शब्दार्थ

मलबा – पाडकामातून निघालेले विटा, माती, काँक्रीट इत्यादी, राडारोडा
तुळई – छताला आधार देणारा आडवा वासा किंवा काँक्रीटचा पट्टा
टेकू – तात्पुरता दिलेला आधार
गिलावा – भिंतीवरील सिमेंट किंवा चुन्याचा लेप
जोते – घराचा जमिनीवरील उंच केलेला पाया
माजघर – घराचा मधला भाग

भाषाभ्यास

पुढील वाक्ये वाचा.
(१) भिंत पडली. (२) मजुरांनी भिंत पाडली.
पहिल्या वाक्यात क्रिया कर्त्यापाशीच थांबते. तिला कर्माची आवश्यकता नाही. 'पडणे' हे अकर्मक क्रियापद आहे. दुसऱ्या वाक्यात मजुरांची क्रिया भिंतीवर घडते. 'पाडणे' हे सकर्मक क्रियापद आहे. अशाच आणखी जोड्या पाहा : तुटणे – तोडणे, फुटणे – फोडणे, सुटणे – सोडणे, गळणे – गाळणे.

कृती : वरील प्रत्येक जोडीतील दोन्ही क्रियापदे वापरून स्वतंत्र वाक्ये तयार करा.

आपण काय शिकलो?

• पाडण्यापूर्वी भिंत भारवाही आहे की नाही, हे तज्ज्ञाकडून निश्चित करून घ्यावे.
• वीज, पाणी व गॅस बंद करून, उपयोगी वस्तू आधी काढून, भिंत वरून खाली उतरवावी.
• मलब्याचे वजन आधी मोजता येते. त्यानुसार वाहतुकीची व्यवस्था करावी.
• मलबा वेगळा केल्यास त्याचा पुनर्वापर होतो. तलाव व नाल्यांत टाकल्यास सर्वांचे नुकसान होते.

पाठान्त प्रश्न

१. भारवाही भिंत व आडभिंत यांतील फरक स्पष्ट करून 'खुणा म्हणजे पुरावे नव्हेत' या विधानाचा अर्थ सांगा.
२. उदाहरणातील कुटुंबाची मूळ योजना का बदलली? बदललेल्या योजनेतून कोणाची कोणती गरज भागली?
३. ५ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि गिलाव्यासह १४ सेंटीमीटर जाड भिंतीचा मलबा अंदाजे किती टन होईल?
४. 'घराबाहेर गेलेला मलबा नाहीसा होत नाही' या विधानाविषयी आपल्या परिसरातील अनुभवाच्या आधारे दहा ओळी लिहा.
५. आपल्या घरातील एका खोलीच्या पाडकामासाठी ठेकेदाराशी करावयाच्या कराराचा मसुदा तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

अ) १. (ख) २. (ग)
आ) १. धुळीतील सिलिकाचे सूक्ष्म कण गमछ्यातून आत जातात आणि त्यामुळे फुप्फुसांचा असाध्य रोग होऊ शकतो. २. मलब्याचा एक फुटाचा ढीगही स्लॅबच्या अपेक्षित क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट भार टाकतो, म्हणून तो साठू देऊ नये.